अर्धा मार्क कापणारी फट

भाचा नववीला आहे, कोथरूडला आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, परवा तोंड पाडून वही घेऊन आला. चेतापेशीची, म्हणजे मेंदू आणि नसांमधल्या निरोप नेणाऱ्या पेशीची आकृती होती, पेशीकाय, वृक्षिका, अक्षतंतू (पेशीतून निघणारा लांब धागा) सगळी नावं बरोबर, पण एका पेशीचं टोक त्याने थेट दुसरीला नेऊन चिकटवलं होतं म्हणून अर्धा मार्क गेला. "मामा, एवढीशी फट नाही काढली तर काय बिघडलं?" म्हटलं बस जरा, या फटीवरून भलेभले भांडलेत.

सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं ही गोष्ट 1839 च्या आसपासच मान्य व्हायला लागली होती, कातडी झाली, लिव्हर झालं, सगळीकडे पेशी दिसत होत्या. घोडं अडलं ते मेंदूपाशी. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने 1837 मध्येच लहान मेंदूतल्या (डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असतो तो) मोठ्या थेंबासारख्या पेशी दाखवल्या होत्या, पण त्यांच्यातून निघणारे धागे पुढे कुठे जातात हे काही केल्या कळेना, कारण मायक्रोस्कोपखाली तो नुसता गुंता, डोकं विंचरायच्या आधीचे केस असतात तसा. त्यामुळे बऱ्याच लोकांनी सरळ धरून टाकलं की मेंदू म्हणजे सगळीकडून जोडलेलं एक अखंड जाळं आहे, वेगळ्या पेशी वगैरे काही नाही.

मग आला कामिल्लो गॉल्जी. हा इटलीत मिलानजवळ आबियातेग्रास्सो गावात, बऱ्या न होणाऱ्या पेशंटांच्या हॉस्पिटलात डॉक्टर, लॅब मिळायची शक्यता शून्य, तर त्याने तिथल्या स्वयंपाकघरातच आपलं दुकान मांडलं (मला या सगळ्या गोष्टीत हे सगळ्यात जास्त आवडतं). मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये टाकून कडक करायचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा, की पिवळसर काचेवर काही मोजक्या पेशी काळ्याकुट्ट उमटतात, पार शेवटच्या फांदीपर्यंत. हे त्याने 1873 मध्ये छापलं. गंमत अशी की शेकड्यातल्या दोनचारच पेशी रंगतात, बाकीच्या कोऱ्या राहतात, आणि नेमक्या त्याच का हे आजही नीट सुटलेलं नाही, पण सगळ्या रंगल्या असत्या तर काचेवर नुसता काळा डाग दिसला असता आणि विषय तिथेच संपला असता.

एवढं हत्यार हातात असून गॉल्जी शेवटपर्यंत जाळ्याच्याच बाजूने राहिला.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालला 1887 मध्ये माद्रिदमध्ये कोणीतरी या पद्धतीच्या स्लाइड दाखवल्या आणि तो वेडाच झाला. लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, वडील डॉक्टर, त्यांनी होऊ दिलं नाही, ती सगळी हौस इथे फिटली. त्याची हुशारी कुठे, तर मोठ्या प्राण्याचा मेंदू घ्यायच्याऐवजी त्याने पिल्लं आणि अंड्यातले गर्भ घेतले, कारण अक्षतंतूवर मायलिनचं, म्हणजे चरबीचं वेष्टन चढलं की हा रंग नीट लागत नाही, पिल्लांत ते अजून चढलेलं नसतं. पक्ष्यांच्या लहान मेंदूत त्याला दिसलं की धागा दुसऱ्या पेशीला टोपलीसारखा वेढा घालतो पण मिसळत कुठेच नाही, तिथेच संपतो. 1888 मध्ये स्वतःच मासिक काढून छापलं, स्पॅनिश वाचणार कोण, म्हणून पुढच्या वर्षी मायक्रोस्कोप आणि स्लाइड घेऊन स्वतः बर्लिनला गेला आणि तिथल्या बड्या जर्मन प्रोफेसरांना काचेला डोळा लावायला लावला. 1891 मध्ये वाल्डायर या जर्मन प्रोफेसरने या वेगळ्या चेतापेशीला न्यूरॉन हे नाव दिलं आणि 1897 मध्ये इंग्लंडच्या शेरिंग्टनने मधल्या सांध्याला सायनॅप्स.

1906 चं नोबेल गॉल्जी आणि काहाल दोघांना मिळून. तिथे गॉल्जीने भाषण काय दिलं, तर न्यूरॉनचा, म्हणजे प्रत्येक चेतापेशी वेगळी असते हा सिद्धांतच कसा टिकत नाही यावर, आणि दुसऱ्या दिवशी काहाल उभा राहिला तो तोच सिद्धांत मांडायला. आपल्याकडच्या लग्नात दोन व्याही असे बोलले असते तर जेवणं झाली नसती.

पण खरं सांगायचं तर तेव्हा फट कोणीच बघितली नव्हती, काहालनेसुद्धा नाही. ती साधारण 20 नॅनोमीटरची (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि साध्या मायक्रोस्कोपला 200 च्या खालचं वेगळं दिसतच नाही. शनिवार पेठेत गच्चीवरून बघा, दोन जुने वाडे चिकटलेलेच वाटतात, खाली उतरलं की मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढा बोळ निघतो. हा बोळ दिसायला 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला, तोवर दोघेही वारले होते.

आणि गॉल्जी अगदीच चुकला असंही नाही. 1959 मध्ये क्रेफिशवरच्या (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) प्रयोगांत निघालं की काही चेतापेशींमधून करंट सरळ पलीकडे जातो, पुढे कळलं की तिथे दोन पेशींना जोडणारे बारीक बोगदे असतात, आपल्या डोळ्याच्या पडद्यातही असे जोड आहेत.

हे ऐकल्यावर भाचा लगेच, "मग माझा अर्धा मार्क?" त्याची आकृती परत बघितली, बोटाला चटका बसतो आणि निरोप मज्जारज्जूत जातो ती होती. म्हटलं, तिथे फटच असते बाबा, आण खोडरबर.