कॅम्पिंगची गाडी बनवून घेताय? आधी वजनाचं बोलू

आमच्याकडे येणारे बहुतेक जण फोनमधे फोटो घेऊन येतात, छतावर टेंट, पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं मशीन), चार लाइट, आणि म्हणतात अशी करून द्या. आम्ही आधी एकच विचारतो, गावापासून लांब सलग किती रात्री राहणार आणि किती माणसं? तेवढं ठरलं की बाकीचं सगळं गणितच आहे.

पाण्यापासून धरा. पिणं, स्वयंपाक, भांडी मिळून माणशी रोज 6-7 लिटर लागतंच, म्हणजे दोघांना चार दिवसांचं 48-56 लिटर, आणि पाण्याचा लिटर म्हणजे सरळ एक किलो. त्यात टेंट 60 किलो, त्याचा रॅक 30, भरलेला फ्रिज 35, मागचे ड्रॉवर 50, डिझेलचा 20 लिटरचा कॅन 17, आणि तुम्ही दोघं. बघता बघता 400 किलो होतात आणि कपडे, गॅस, टूल्स अजून मोजलेच नाहीत! म्हणून काम संपलं की गाडी पूर्ण भरून भुईकाट्यावर नेतो, पावती तुमच्या हातात देतो, आणि मॅन्युअलमधल्या ग्रॉस वेटच्या (माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त चालणारं वजन) वर जात असेल तर सामान कमी करायला लावतो. काही लोकांना राग येतो, पण घाटात उतरताना ब्रेक तुमचेच तापणार असतात. पाण्याची टाकी नेहमी खाली, दोन ॲक्सलच्या मधे. छतावर पाणी किंवा डिझेल ठेवायचं काम आम्ही घेत नाही.

आता करंट. 40 लिटरचा कंप्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला 400-500 वॅट-अवर खातो, लाइट, फोन, पंप धरून 600 समजा. 100 अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत साधारण 1280 असतात म्हणजे ऊन नसलं तरी दोन दिवस निघतात, आणि 200 वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला 700-800 परत देतं. पावसाळ्यात मात्र पॅनलवर विसंबू नका, त्यासाठी चालत्या गाडीतून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच, नव्या बीएस-6 गाड्यांना साधा रिले (दोन बॅटऱ्या जोडणारा स्विच) लावून भागत नाही. आणि लडाख-स्पितीला जाणार असाल तर हे नीट लक्षात ठेवा, लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली तर आतून खराब होते, म्हणून ती बाहेर बंपरपाशी नाही तर केबिनमधेच बसवतो.

वायरिंगमधे आम्ही स्वतः ठेच खाल्लीये. आमच्या पहिल्या गाडीत फ्रिजला बारीक वायर टाकली होती, रात्री दोनला फ्रिज बंद, सकाळी दूध नासलेलं. मीटर लावला तर बॅटरीवर 12.7 आणि फ्रिजच्या सॉकेटला कंप्रेसर सुरू होताना 11 च्या खाली, मधला व्होल्ट वायरनेच खाल्ला होता! तेव्हापासून फ्रिजला वेगळी जाड वायर, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

स्वयंपाकाला 5 किलोचा सिलेंडर आणि छोटा कुकर घ्या, कारण साडेचार हजार मीटरवर पाणी 85 डिग्रीच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही. शेगडी मागचा दरवाजा उघडून बाहेरच पेटवायची, बंद गाडीत किंवा टेंटमधे कधीच नाही, थंडी कितीही असो.

डिझेल-पेट्रोलचं म्हणाल तर मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरचा बोर्ड बऱ्याच जणांनी पाहिलाय, पुढचा पंप 365 किलोमीटर. थारची टाकी 57 लिटर, जिम्नीची 40, भरलेली गाडी ॲव्हरेज कमी देते आणि मधे एखाद्या तलावाकडे वळलात की हिशोब चुकतो, म्हणून जिम्नीवाल्यांना एक कॅन सोबत ठेवाच म्हणतो.

टायर ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारे), पण फार मोठे नाहीत. वाळूत हवा 18-20 पीएसआयवर आणायची आणि रस्त्यावर आल्यावर लगेच भरायची, म्हणून विंचच्या आधी हवा भरायचा चांगला कंप्रेसर घ्या. खेचायचा पट्टा चॅसिसच्या पक्क्या हुकलाच लावायचा, टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) लावला आणि तो तुटला तर गोळीसारखा उडतो.

कायद्याचं थोडक्यात: चॅसिस कापणं, बॉडी वाढवणं आम्ही करत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधे ते बसत नाही आणि इन्शुरन्सही अडकतो. बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर) केंद्राने 2017 मधेच बंदी घातलीये, कृपया मागू नका. आमचं सगळं फिटिंग बोल्टवर असतं, काढलं की गाडी होती तशी.

प्रत्येक बोल्टवर तुम्हाला पिवळ्या पेंटची एक रेघ दिसेल, अर्धी नटावर आणि अर्धी पत्र्यावर. कच्च्या रस्त्याच्या थरथरीने नट सैल झाला की ती रेघ तुटते. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन रॅकच्या आणि टाकीच्या रेघा बघायच्या, पाच मिनिटांचं काम आहे, 13 नंबरचा पाना ड्रॉवरमधे वरच ठेवलेला असतो.

गाडी हातात आली की लगेच लांब पळू नका. आधी दोन रात्री भंडारदऱ्याला वगैरे राहून या, काय खडखडतंय, काय हाताला येत नाही ते लिहून आणा. ते सगळं आम्ही पैसे न घेता नीट करून देतो, मग खुशाल निघा.