मानेवर टाके आहेत म्हणून ‘थ्री-फील्ड’ होत नाही

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या पोटावर, छातीवर आणि मानेवर टाके दिसले की नातेवाईक सांगत सुटतात, ‘थ्री-फील्ड झालं, सगळ्या गाठी काढल्या.’ त्यांचं एक वेळ सोडा, त्यांना कुणी नीट समजावलेलंच नसतं. पण डिस्चार्ज कार्डावरही छेद किती आणि ग्रंथी कुठून काढल्या यांची हीच गल्लत दिसली की डोकं फिरतं.

तीन छेदांचं ऑपरेशन म्हणजे मॅककिओन पद्धत, १९७६ पासूनची. छातीत अन्ननलिका मोकळी करायची, जठराची नळी करून वर ओढायची आणि मानेत जोडायची. आयव्हर लुईस पद्धतीत हाच जोड छातीत येतो. छेद कुठे नि जोड कुठे, एवढाच हा मामला.

थ्री-फील्डचा हिशोब वेगळा: लसिकाग्रंथी (कॅन्सर पसरताना ज्यांत आधी शिरतो त्या छोट्या गाठी) कुठकुठून काढल्या? पोट आणि छाती झाली की टू-फील्ड. मानेच्या दोन्ही बाजूंच्या, हासळीच्या (गळ्याच्या) हाडाच्या वरच्या बाजूच्या ग्रंथीही ठरवून काढल्या तरच थ्री-फील्ड. मॅककिओनमध्ये मान उघडतात ती बहुधा डावीकडून, जोडापुरती. उजवीकडे कुणी हातही लावलेला नसतो. जाता जाता दोन ग्रंथी उचलल्या म्हणून नाव बदलत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. खरी मेख टू-फील्डच्या आत आहे.

स्वरयंत्राकडे जाणाऱ्या दोन रिकरंट नसा असतात. डावी महाधमनीच्या कमानीखालून वळते, उजवी सबक्लेव्हियन धमनीखालून, आणि दोघी वर मानेत चढतात. त्यांच्या कडेने ग्रंथींची रांग छातीतून मानेत सलग जाते. स्क्वॅमस कॅन्सर (अन्ननलिकेच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा) या रांगेत लवकर शिरतो, कधी कधी मूळ गाठ बरीच खाली असतानाही. आता एक सर्जन श्वासनलिका दुभंगते तिथपर्यंतच्या ग्रंथी काढून थांबतो. दुसरा दोन्ही नसांच्या कडेने छातीच्या शेंड्यापर्यंत जातो. कागदावर दोघांचंही ‘टू-फील्ड’! माझ्या मते मान उघडली की नाही यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे. शांघायमध्ये ४०० रुग्णांवर झालेली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा: कॅन्सर अन्ननलिकेच्या मधल्या किंवा खालच्या भागात असताना मानेच्या ग्रंथी जास्तीच्या काढून आयुर्मान वाढलं नाही. वरच्या भागातल्या कॅन्सरला मात्र हा निकाल लावू नये. तिथे मान हा खरोखरचा प्रश्न असतो.

आवाज बसला म्हणजे मानेतल्या ग्रंथी काढल्या, हाही तर्क चुकीचा. स्वरयंत्राची ती रिकरंट नस छातीतच दुखावू शकते.

आणि तो लाडका आकडा. ‘३० ग्रंथी निघाल्या’ यावरून त्या कुठून निघाल्या ते कळत नाही. किमान १५ तपासल्या जाव्यात हे बरोबर, कारण स्टेज बाधित ग्रंथी मोजून ठरते: १–२ असतील तर एन-१ (‘एन’ म्हणजे स्टेजमधला ग्रंथींचा भाग), ३–६ एन-२, ७ किंवा जास्त एन-३. मोजणीला तेवढा माल लागतोच. पण पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये मी आधी ‘उजवी रिकरंट’ आणि ‘डावी रिकरंट’ अशा वेगळ्या ओळी शोधतो. त्या नसतील, सगळ्यांचा मिळून एकच आकडा असेल, तर पॅथॉलॉजिस्टला दोष देऊ नका. ग्रंथी भागवार वेगळ्या डब्यांत पाठवणं हे ऑपरेशन थिएटरचं काम आहे. विचारायचं ते सर्जनला, ऑपरेशन नोट समोर ठेवून.