मिरजेला गाडी न बदलता

कोल्हापूरहून रेल्वेनं दक्षिणेकडं जायचं म्हटलं, की बहुतेक वेळा मिरजेला गाडी बदलावी लागते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या संगणकातही असं एक मिरज आहे. त्याचं नाव ग्रब.

बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर जागं होतं. ते ग्रबला हाक मारतं आणि ग्रब कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीत आणून ठेवतो. हा मध्यस्थ आला कारण बायोस या जुन्या फर्मवेअरला फाइल म्हणजे काय हेच कळत नव्हतं. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलायचा आणि चालवायचा, इतकंच त्याचं काम. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, तक्त्याला, २ खुणेला. उरलेल्या ४४६ बाइटमध्ये कर्नल कुठला मावायला! तिथं मावायचा तो फक्त पुढच्याला उठवणारा छोटा प्रोग्राम.

नंतर आलेलं यूईएफआय फर्मवेअर मात्र शिकलेलं आहे. फॅट पद्धतीचं पार्टिशन त्याला वाचता येतं, त्यातला प्रोग्राम चालवता येतो. अट एकच: प्रोग्रामची बांधणी विंडोजच्या ईएक्सई फाइलसारखी हवी. २०१२ साली आलेल्या लिनक्स ३.३ मध्ये कर्नललाच ती बांधणी देण्याची सोय झाली, म्हणजे फर्मवेअर ग्रबशिवाय थेट कर्नल चालवू शकतं. अशी कर्नलची फाइल उघडून पाहिली, तर पहिले दोन बाइट असतात 'एमझेड'. मायक्रोसॉफ्टमध्ये डॉस या जुन्या सिस्टिमची ईएक्सई रचना करणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं. लिनक्सच्या कपाळी ती आजही आहेत, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दोन अक्षरांकडं बघत बसलो होतो.

मग राजारामपुरीतल्या घरच्या जुन्या डेस्कटॉपवर करून पाहिलं. कर्नल फर्मवेअरला वाचता येणाऱ्या ईएफआय पार्टिशनमध्ये कॉपी केला, 'ईएफआय बूट मॅनेजर' या कमांडनं फर्मवेअरच्या यादीत त्याचं नाव घातलं, रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिमच्या बाकीच्या फाइली असलेला विभाग, कुठलं तेही सांगितलं. मशीन सुरू झालं आणि रूट सापडत नाही म्हणून कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल तिथंच थांबला! माझ्या मदरबोर्डचं फर्मवेअर नाव लक्षात ठेवत होतं, पण सोबतच्या सूचना कर्नलपर्यंत पोचवतच नव्हतं. शेवटी त्या सूचना कर्नल कंपाइल करतानाच, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करतानाच, त्याच्या पोटात घातल्या.

यात वेळ फार वाचत नाही. वाचतात ती ग्रबच्या मेनूची चार-पाच सेकंदं. पण एक सांभाळावं लागतं. ग्रब नसला की अडल्या वेळी जुना कर्नल निवडायचा त्याचा मेनूही नसतो. म्हणून चालता कर्नल वेगळ्या नावानं यादीत दुसरा ठेवलाय. नवा बिघडला तर फर्मवेअरच्या बूट मेनूतून तो निवडता येतो.

आता बटण दाबलं की कंपनीच्या लोगोनंतर थेट लिनक्सचं चिन्ह असलेले पेंग्विन उभे राहतात. प्रोसेसरचे कोअर चार, म्हणून पेंग्विनही चार.