हीप दोन्हीकडे, पण वर कुणाला बसवायचं?

हीप (ठरवलेल्या तुलनेत वरचढ ठरणारा घटक कायम वर ठेवणारी रचना) कसा लावायचा ते तुम्हाला येतं, तिथं वेळ घालवत नाही. टिळकवाडीत माझ्याकडे येणारी पोरं त्याच्या आधीच अडतात. लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवरची १४०५ आणि २१८२ ही दोन गणितं त्यांना जुळी वाटतात. दोन्हीत मोजकी अक्षरं, एकच अक्षर सलग किती वेळा चालेल याची मर्यादा (१४०५ मध्ये कायम २, दुसऱ्यात दिलेली) आणि दोन्हीकडे ग्रीडी, म्हणजे दर पायरीला त्या घडीचं सगळ्यात चांगलं अक्षर उचलायचं. मग एकाचा कोड दुसऱ्यात डकवतात.

१४०५ ला सर्वांत लांब स्ट्रिंग हवी. २१८२ ला सर्वांत मोठी, म्हणजे कोशक्रमात सगळ्यात शेवटी येणारी. घोळ होतो तो या 'मोठी'चा. परवा भाचा खानापूरहून आला तो कुरकुरतच.
"मामा, माझं उत्तर आठ अक्षरांचं, त्यांचं चारच. मोठं तर माझंच की!"
म्हटलं, तालुक्यांची नावं कोशक्रमाने लाव बघू. गोकाक खानापूरपेक्षा तोकडं, तरी ते नंतर येतं, कारण ख नंतर ग. लांबी विचारतो कोण? (एक शब्द दुसऱ्याची सुरुवातच असेल, तेवढ्यापुरती ती बघायची.)

मग वहीत मांडलं: क ७, ख १, ग १, मर्यादा २.

लांब हवी तर ज्याचा साठा जास्त तो आधी: ककखककगकक. आठ अक्षरं, एक क उरला. इथं ख आणि ग म्हणजे क च्या जोड्यांमध्ये घालायच्या फटी. त्या सुरुवातीलाच उडवल्या तर पुढचे क बसणार कुठं?

मोठी हवी तर साठा बघायचाच नाही, क्रमाने शेवटचं अक्षर आधी: गखकक. पाच क वाया गेले, जाऊ देत. पहिल्याच जागी ग आला की भाच्याची आठ अक्षरं हरली.

मर्यादा भरली की हीपमधलं त्याच्या खालचं अक्षर फक्त एकदा घ्यायचं, हे दोन्हीकडे सारखंच. लगेच दोन घेणारेही आहेत, पण ती चूक चाचणीत सापडते. मला खरा राग येतो तो "ग्रीडी म्हणजे जास्त संख्येचं आधी" असं घोकणाऱ्यांचा. भाच्याच्या वहीतही तेच वाक्य होतं, लाल पेनाने चौकट करून. त्याने हीपची तुलनेची ओळ बदलली, संख्येच्या जागी अक्षर घातलं. बाकी कोड तसाच राहिला.