स्नो चेन: चिखलासाठी निघालेली साखळी बर्फावर कशी पोहोचली

नागपुरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 उत्तरेला थेट श्रीनगरपर्यंत जातो. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. ती पिकअपने तिकडे न्यायची तर त्या दिवसांत काश्मीरच्या घाटात बर्फ असू शकतो, आणि बर्फावर टायर घसरू नये म्हणून त्यावर चढवायची साखळी म्हणजे स्नो चेन. इथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र ‘चेन’ म्हटलं की काउंटरवर मोटरसायकलची चेन येते. त्यामुळे इकडची मंडळी स्नो चेन बहुतेक फोटो पाहून मागवतात, आणि तिथेच गोची होते.

चेनचा जन्म घाटातला नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांना 23 ऑगस्ट 1904 रोजी तिचं पेटंट मिळालं. त्या काळी कच्च्या रस्त्यावर गाडी रुतू नये म्हणून लोक टायरला दोर गुंडाळत. वीड यांनी दोराच्या जागी साखळी आणली. टायरच्या दोन्ही बाजूंना दोन लांब साखळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, ही रचना आजही ‘लॅडर’ म्हणजे शिडी या नावाने विकली जाते. युरोपात ऑस्ट्रियाची पेवाग कंपनी 1912 पासून स्नो चेन बनवते आहे.

चिखलात लॅडर झकास चालते. बर्फाच्या घाटात तिची खोड कळते. दोन आडव्या तुकड्यांमध्ये टायरचा जो भाग मोकळा राहतो, तो जमिनीला लागला की त्या क्षणी पकड जवळपास शून्य. शिवाय आडवी साखळी पुढे-मागे धरते, बाजूला घसरणं फारसं अडवत नाही. वळणावर मागचा भाग दरीकडे सरकतो तो यामुळेच. यावर तोड म्हणून चौकटी जाळीची ‘डायमंड’ चेन आली. तिची कुठली ना कुठली कडी सतत जमिनीवर असते. पैसे थोडे जास्त गेले तरी घाटासाठी तीच घ्यावी.

दुसरा बदल गाडीतला. जुन्या गाड्यांत टायर आणि मडगार्ड यांच्यात भरपूर जागा असे. पुढे ती आक्रसली, एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरी चाकाजवळ आल्या, आणि सुटलेली कडी ब्रेकचा पाइप फोडू लागली. म्हणून अमेरिकी मानकात एस, यू, डब्ल्यू असे वर्ग पडले. एस वर्गाला टायरच्या माथ्यावर किमान 37 मिमी आणि आतल्या बाजूला 15 मिमी जागा लागते. यू वर्गाला 50 आणि 23, डब्ल्यूला 63.5 आणि 38 मिमी. पिकअपची जागा मोजायची ती माल भरून, कारण स्प्रिंगचे पाटे दबले की माथ्यावरचं अंतर कमी होतं. आतली बाजू मोजायला गाडीखाली वाकावंच लागतं.

मापात ‘15 इंची’ एवढंच सांगून भागत नाही. 215/75 आर 15 (215 मिमी रुंदी, बाजूची उंची तिच्या 75 टक्के, रिम 15 इंच) टायरचा व्यास सुमारे 703 मिमी, तर 235/75 आर 15 चा 733. रिम तीच, पण घेरात सुमारे 9.4 सेंटीमीटरचा फरक. मोठी चेन ढिली राहून मडगार्डवर आपटते, छोटीचा हूक लागतच नाही. कारसाठीची केबल चेन (साखळीऐवजी तारेच्या दोराची) भरलेल्या पिकअपला घेऊ नये; वजन पेलेल अशी, लाइट ट्रक लिहिलेली पोलादी चेन हवी.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपला जोडी मागेच लागते. पण उतारावर स्टिअरिंग आणि बहुतांश ब्रेक पुढच्या चाकांवर असतात, म्हणून खऱ्या बर्फात चारही चाकांना चेन असलेली बरी. पुढे ती बसते का, हे मॅन्युअलमध्ये पाहावं. फक्त पुढे लावली तर ब्रेक मारताच मागचा भाग फिरतो. हौदा रिकामा असेल तर मागच्या अ‍ॅक्सलवर रेतीची पोती टाकून बांधावी.

पहिल्यांदा चेन लावायची ती नागपुरातच, कोरड्या जमिनीवर. आडव्या साखळ्यांच्या हूकची उघडी तोंडं टायरकडे नव्हे, बाहेर. उलटी लागली तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कापली जाते. आधी आतला हूक, मग बाहेरचा, शेवटी ताण. दोन-तीनशे मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायचं. पहिल्या फेऱ्यांत चेन बसते आणि ढिली पडते. हवा कमी करून चेन चढवू नये आणि रिमला तारेने बांधूही नये: ती टायरवर हळूहळू सरकत राहिली तरच झीज सगळीकडे सारखी होते.

वेग ताशी 50 किमीच्या आत, आणि कंपनीने कमी सांगितला असेल तर तेवढाच. डांबर दिसलं की चेन काढायची. कोरड्या रस्त्यावर आडव्या कड्या झपाट्याने झिजतात आणि त्यातली एक तुटली तरी ती पट्ट्यासारखी बॉडीवर आपटत राहते. सोबत दोन-चार जोडकड्या, पक्कड, रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला पोतं ठेवावं. परतल्यावर चेन धुऊन, वाळवून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर विदर्भाच्या एका पावसाळ्यात कड्या गंजून एकमेकींत अडकतात.