नख फिरवून न कळणारा ओरखडा

लेथवरून जॉब, म्हणजे कापून घडवलेला भाग, उतरला की कारागीर आधी त्यावर अंगठ्याचं नख फिरवतो. नख कुठे अडखळलं नाही तर फिनिश जमलं म्हणायचं. साध्या ॲल्युमिनियमसाठी ही परीक्षा काही वाईट नाही. पण त्याच ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण मिसळलेले असतील, तर नख फसतं. बऱ्याचदा त्या नखाची जागा घेणारं महागडं यंत्रही फसतं.

सिलिकॉन कार्बाइड तुम्ही पाहिलेलं असतं. पाण्यात भिजवून घासायच्या काळ्या पॉलिश पेपरवरची खर म्हणजे तेच. हे कण साधारण 15 ते 20 टक्के प्रमाणात ॲल्युमिनियममध्ये बसवले की धातू-संमिश्र तयार होतं. कारखान्यात त्याला सरळ ‘एमएमसी’ (मेटल मॅट्रिक्स कॉम्पोझिट) म्हणतात. वजन जवळपास ॲल्युमिनियमइतकंच राहतं, पण ताठरपणा 70 गिगापास्कलवरून 100 च्या आसपास जातो. म्हणून एफ-16 विमानाच्या पोटाखालचे पंख, काही हेलिकॉप्टरच्या रोटरचे भाग अशा ठिकाणी ते पोचलं आहे. या सगळ्या जागा सतत थरथरणाऱ्या, म्हणजेच धातूला थकवणाऱ्या.

धातूचा थकवा ही गोष्ट माणसाला रेल्वेने शिकवली. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, मोडला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे 1850 आणि 1860 च्या दशकांत प्रशियातल्या आउगुस्ट व्होलर या रेल्वे इंजिनिअरने आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. एका झटक्यात जो भार धातू सहज पेलतो, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा आला की तो मोडतो, हे त्याने आकड्यांत मांडलं. लाखो हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. एक मीटर व्यासाचं चाक 30 हजार किलोमीटर धावलं की आसाचे जवळपास एक कोटी फेरे होतात, आणि दर फेऱ्याला त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो.

पृष्ठभाग हा शब्द इथे महत्त्वाचा. वाकवताना किंवा पिळताना सर्वांत जास्त ताण असतो तो वरच्या कातडीवर. तडा बहुतेक वेळा तिथेच जन्मतो. भार बेताचा असेल तर भागाचं बरंचसं आयुष्य हा तडा जन्माला येण्यातच जातं. एकदा तो धरला की पुढचा प्रवास तुलनेने झटपट होतो. आणि ही कातडी कोण बनवतं? शेवटचा कट घेणारं टूल.

आता त्या टूलच्या टोकाशी जाऊ. कण असतात साधारण 10 ते 20 मायक्रॉनचे. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा. ॲल्युमिनियम मऊ, ते चिप होऊन निघून जातं. पण टूलची धार कणावर आली की प्रश्न उभा राहतो, कारण कण टूलपेक्षा कठीण आहे. नेहमीचं टंगस्टन कार्बाइडचं टूल कठीणपणाच्या विकर्स मापावर 1500 च्या आसपास, तर कण 2500 च्या घरात. कण मग अनेक तऱ्हांनी वागतो. कधी मधोमध चिरतो. कधी मुळासकट उपटला जातो आणि मागे खड्डा ठेवतो. कधी मऊ धातूत आत ढकलला जातो आणि कडेने त्याची ॲल्युमिनियमवरची पकड सुटते. तर कधी धारेपुढे फरफटत जातो आणि चर पाडतो. पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटीमीटरमध्ये असे प्रसंग हजारोंनी घडतात. थकव्याच्या भाषेत यातला प्रत्येक खड्डा किंवा चिरलेला कण म्हणजे तयार खाच.

यावर कडी म्हणजे ॲल्युमिनियमचा लेपाळूपणा. धार बोथट झाली की ती कापण्याऐवजी घासते. उष्णता वाढते आणि मऊ धातू खड्ड्यांवर साय पसरावी तसा पसरतो. पृष्ठभाग चकचकीत दिसतो. खडबडीतपणा मोजणारी सुई त्यावरून फिरते आणि आरए नावाचा एक देखणा आकडा देते. पण आरए ही सरासरी आहे. तडा सरासरी खड्ड्यातून निघत नाही, तो सगळ्यांत वाईट खड्ड्यातून निघतो. आणि तो तर सायीखाली झाकलेला, सुईला दिसतच नाही. ड्रॉइंगवर एक आरए लिहून निर्धास्त होण्याची आपली सवय मला म्हणूनच खटकते. निदान या पदार्थांसाठी तरी नमुना आडवा कापून, पॉलिश करून, सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचा छेद बघायला हवा.

त्या छेदातही एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे कोंडलेला ताण. टूलने वरचा थर दाबून ठेवला असेल तर तिथे दाब शिल्लक राहतो आणि तो तड्याचं तोंड मिटून धरतो. उलट कापताना उष्णता फार झाली, तर थंड होताना तिथे ओढ शिल्लक राहू शकते आणि ती तडा उघडायला मदत करते. त्यामुळे दिसायला खरखरीत पण दाबलेला पृष्ठभाग कधी कधी गुळगुळीत, पण ओढलेल्या पृष्ठभागापेक्षा जास्त टिकतो. बारीक छऱ्यांचा मारा करणारं शॉट पीनिंग याच तत्त्वावर चालतं. एमएमसीमध्ये मात्र मारा बेताने करावा लागतो, नाहीतर वाचवायच्या कणांनाच तडे जातात.

सगळा दोष मशिनिंगच्या माथी मारणंही बरोबर नाही. या पदार्थाच्या पोटात जन्मजात खाचा असतात: एकत्र गोळा झालेले कण, ओतताना राहिलेली पोकळी. ॲल्युमिनियम तापमानागणिक सिलिकॉन कार्बाइडच्या पाचेक पट जास्त प्रसरण पावतं, म्हणून बनवून थंड करतानाच कणाभोवतीचा धातू ताणात अडकतो. अशा माल-मसाल्यात पोटातला गुठळीवजा दोष पृष्ठभागावरच्या चराहून मोठा असेल, तर फिनिश कितीही सुधारा, आयुष्य फारसं वाढत नाही. कण बारीक आणि सारखे पसरलेले असतील, तेव्हाच शेवटच्या कटाची खरी किंमत कळते.

उपाय कारखान्याला माहीत आहेत, खर्चाचे आहेत इतकंच. पॉलिक्रिस्टलाइन हिऱ्याचं, म्हणजे पीसीडी टूल वापरायचं, कारण ते कणापेक्षा कितीतरी कठीण. ते बोथट होण्याआधी बदलायचं. शेवटचा कट हलका घ्यायचा, म्हणजे आधीच्या जड कटाने आतवर केलेलं नुकसान निघून जातं. ठिणग्यांनी कापणारं ईडीएम कठीण कणांना भीत नाही, पण वितळून पुन्हा गोठलेला, बारीक तड्यांचा एक थर मागे ठेवतं. तो काढल्याशिवाय भाग वापरणं धोक्याचं. सर्वांत नाजूक जागा भोकांची. भोकाच्या काठावर ताण आपसूकच काही पटींनी वाढतो, आणि ड्रिल पलीकडे बाहेर पडताना नेमकी तीच कड उचकटतं.

टायटेनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे अखंड धागे घालून बनवलेल्या जेट इंजिनाच्या कड्यांमध्ये तर रचनाकारांनी हा वादच मिटवला. धागा साधारण 140 मायक्रॉन जाडीचा, आणि कापला गेला की त्याचं टोक म्हणजे तड्याला आमंत्रण. म्हणून धाग्यांचा गाभा मधे ठेवतात आणि सभोवती निव्वळ टायटेनियमचं जाड वेष्टण देतात. मशिनिंग होतं ते त्या वेष्टणातच. टूल धाग्यांपर्यंत पोचतच नाही.