परवाना यंत्राचा की माणसाचा?

गेल्या पावसाळ्यात दादरच्या एका छोट्या कचेरीतील संगणकाचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी, जळाला. वॉरंटी केव्हाच संपली होती, म्हणून मालकांनी लॅमिंग्टन रोडवरून नवा संगणक जोडून आणला आणि जुन्या कॅबिनेटवरच्या स्टिकरकडे बोट दाखवून मला विचारले, "पैसे मोजून ओरिजिनल विंडोज घेतले होते, ते यावर चढेल ना?" त्यावरची पंचवीस अक्षरांची ‘की’, म्हणजे विंडोज चालू करण्याचा सांकेतिक क्रमांक, वर्षानुवर्षे फडके फिरून इतकी पुसट झाली होती की एक खूण इंग्रजी ‘बी’ आहे की ‘आठ’, हे बॅटरी मारूनही ठरेना. ते ठरले असते तरी उपयोग नव्हता, कारण विंडोज वापरण्याचा तो परवाना कचेरीला नव्हे, तर जळालेल्या त्या मदरबोर्डाच्या यंत्राला दिलेला होता.

या भेदाचे मूळ १९८० च्या दशकात आहे. मायक्रोसॉफ्टने डॉस ही विंडोजच्या आधीची, संगणक चालवणारी प्रणाली दुकानातल्या गिऱ्हाइकापेक्षा संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना विकण्यावर भर दिला. पुढे तर निर्मात्याने जितकी यंत्रे बाहेर पाठवली तितक्यांचे पैसे द्यायचे, मग एखाद्यात ती प्रणाली असो वा नसो, असे करार होऊ लागले. जुलै १९९४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाशी झालेल्या समझोत्यात कंपनीने ही पद्धत सोडली. यंत्रागणिक परवाना ही कल्पना मात्र टिकली. बाजारात ज्याला ‘ओईएम’ (मूळ यंत्रनिर्मात्यामार्फत मिळणारा) म्हणतात तो परवाना स्वस्त, पण तो ज्या यंत्रावर प्रथम बसला त्याच्याबरोबरच संपणारा. खोक्यात मिळणारा ‘रिटेल’ परवाना महाग, पण जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येणारा. हार्ड डिस्क किंवा रॅम बदलल्याने ओईएम परवान्याला बाधा येत नाही. मदरबोर्ड मात्र यंत्राचा कणा मानला जातो, आणि निर्मात्याने वॉरंटीत दोषापोटी बदलून दिला नसेल, तर नव्या मदरबोर्डाचा संगणक हा नवा संगणक ठरतो.

हा नियम बराच काळ कागदावरच होता. एकच सीडी चाळीतल्या चार घरी फिरे आणि प्रत्येक ठिकाणी चाले. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ आणले आणि चित्र पालटले. संगणकाच्या भागांवरून एक ठसा तयार होई, कीसोबत तो कंपनीकडे नोंदवला जाई, आणि तीस दिवसांत नोंद झाली नाही तर काम अडे. बरेच भाग एकदम बदलले की पुन्हा नोंदणी करावी लागे, प्रसंगी फोनवर लांबलचक आकडे वाचून दाखवावे लागत. २००६ मध्ये व्हिस्टाच्या अटींत रिटेल परवानाही एकदाच दुसऱ्या यंत्रावर नेता येईल, असे कलम आले. स्वतः संगणक जोडणाऱ्यांनी त्यावर इतका आवाज उठवला की काही आठवड्यांतच कंपनीने ते मागे घेतले. आज रिटेल परवाना हलवता येतो, त्यात त्या मंडळींचा मोठा वाटा आहे, असे मला मनापासून वाटते.

२०१२ च्या विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवरील की स्टिकरवरून नाहीशी झाली आणि मदरबोर्डाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या चिपमधल्या कायमच्या प्रोग्राममध्ये, जाऊन बसली. २०१५ च्या विंडोज १० बरोबर की न टाकता यंत्राच्या नोंदीवरून चालणारा डिजिटल परवाना आला, आणि ऑगस्ट २०१६ पासून तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येऊ लागला. यातून एक गैरसमज मात्र पसरला. खात्यात दिसतो म्हणून परवाना खातेदाराचा झाला, असे नाही. मूळ परवाना ओईएम असेल, तर नव्या आवृत्तीच्या फुकट अपग्रेडनंतरही तो ओईएमच राहतो.

भारतीय कायद्याने या व्यवहाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. मुंबईच्याच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या विक्रीकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तयार सॉफ्टवेअरची चकती हा ‘माल’ आहे, असे ठरवले. मार्च २०२१ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की अशा खरेदीत ग्राहकाला कॉपीराइटमधील हक्क मिळत नाही, मिळतो तो केवळ वापर. युरोपात निकालांचा कल ग्राहकाकडे अधिक झुकला. जुलै २०१२ मध्ये तेथील न्यायालयाने कायमस्वरूपी विकलेला परवाना पुढे विकण्याचा खरेदीदाराचा हक्क मान्य केला.

विंडोज १० ला कंपनीकडून दुरुस्त्या व सुरक्षा-सुधारणा देणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व नवा प्रोसेसर लागत असल्याने जुने संगणक बदलणाऱ्यांसमोर हा प्रश्न पुन्हा उभा आहे. विंडोज ७ च्या जुन्या कीवर नवी आवृत्ती चालू करून घेण्याची वाटही कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. दादरच्या त्या कचेरीच्या जुन्या बिलावर ‘विंडोज, १ नग’ एवढेच लिहिलेले होते. परवाना कोणत्या जातीचा, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि मालकांनी विचारले नव्हते. या वेळी त्यांनी जास्त पैसे मोजून रिटेल परवाना घेतला, आणि तो शब्द बिलावर लिहून घेईपर्यंत आम्ही दोघे काउंटरवरून हललो नाही.